जडसंग्रहातले सूर

जिल्हा परिषदेच्या प्रत्येक जुन्या प्राथमिक शाळेत एक जडसंग्रह नोंदवही असते. टेबल किती, खुर्च्या किती, फळे किती, नकाशे किती, घंटा एक. वस्तू मोडली की ती निर्लेखनाच्या यादीत जाते, वरून मंजुरी येते आणि वहीतून तिचं नाव कमी होतं. अमरावती-अकोल्याकडच्या अशा वह्यांत हार्मोनियम, तबला जोड, खंजेरी, लेझीम, डंबेल्स, ढोल हे शब्द सापडतात आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘नादुरुस्त’. त्या वस्तूंबरोबर जे आवाज शाळेतून गेले, त्यांना त्या वहीत जागा नव्हती. त्यांची नोंद इथे करतो आहे. क्रम लावलेला नाही. जे जास्त आठवलं ते जास्त लिहिलं आहे.

पेटी. हार्मोनियम हा शब्द वहीतला, तोंडात पेटीच. ती हेडमास्तरांच्या खोलीत कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली असे. सकाळी दोन पोट्टे ती उचलून व्हरांड्यात आणत, तिसरा सतरंजी टाकी. पेटी उचलायचा मान मिळावा म्हणून भांडणं होत. गुरुजी डाव्या हातानं भाता मारत, उजव्या हाताची बोटं सुरावर ठेवून थांबत, आणि अंगणातला गलका हळूहळू त्या सुराखाली बसे. पट्टी गुरुजींच्या गळ्याची, बहुधा काळी एक किंवा काळी दोन. लहान गळ्यांना ती खाली पडे. मग पोरं वरच्या सप्तकात पळत, आणि प्रार्थना एकाच वेळी दोन मजल्यांवर चाले. शास्त्र जाणणाऱ्याला ते खटकलं असतं. मला अजूनही समूहगान म्हटलं की तेच ऐकू येतं.

या पेटीतले सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, पुष्कळदा गुजरातेतल्या पालिताण्याच्या. पाऊस लागला की एखादा सूर बसायचा, एखादा न दाबताच वाजत राहायचा. उंदरांनी भाता कुरतडला की तालुक्याच्या गावी न्यावी लागे. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ हार्मोनियमला आपल्या स्टुडिओत बंदी घातली होती; ते वाद्य भारतीय संगीताला साजत नाही, असं त्या वेळच्या जाणत्यांचं मत होतं. त्या सगळ्या वर्षांत वऱ्हाडातल्या भजनी मंडळांना आणि खेड्यातल्या शाळांना पेटीनंच सूर दिला. तंबोरा लावणारा माणूस गावात नव्हता, पेटी दाबणारा होता. गुरुजीसुद्धा पेटी कुठल्या विद्यालयात शिकलेले नसत. ते मारुतीच्या पारावर, एकादशीच्या भजनात, दुसऱ्याच्या बोटांकडे बघून शिकलेले असत.

असे पेटीवाले गुरुजी एकेक करून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी संगीत येणारा माणूस आणण्याची कुठलीच सोय नव्हती. ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहेत. पण ते सहावी ते आठवीला, आणि तेही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक; त्यांनीच गणित, मराठी, परिसर अभ्यास, पोषण आहाराचा हिशेब आणि गाणं, सगळं करायचं. गाणं येणारा शिक्षक मिळाला तर शाळेचं नशीब. संगीत वेळापत्रकात कायम राहिलं, ‘कला’ या शब्दाखाली. पेटी उघडणारा हात तेवढा वेळापत्रकात नव्हता.

चाल. माझ्या यादीतली ही सगळ्यांत मोठी नोंद, आणि वस्तू नसल्यामुळे ती कधीच कुठल्या वहीत चढली नाही.

पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालं आणि पुढे मेळघाटापासून सावंतवाडीपर्यंत पोरांच्या हातात एकच मराठीचं पुस्तक आलं. कविता एक, चित्र एक, खालचे प्रश्न तेच. चाल मात्र पुस्तकात छापता येत नाही. ती प्रत्येक शाळेनं आपापली लावली. गुरुजी आदल्या दिवशी कविता वाचत, दोन-तीनदा गुणगुणत, आणि गावात जे सूर हवेत होते त्यांतला एखादा तिला चढवत. कुठे भजनाचा, कुठे जात्यावरच्या ओवीचा, कुठे लग्नातल्या गाण्याचा, कुठे उघडउघड सिनेमाचा. पूर्णेच्या अलीकडच्या शाळेत एखादी कविता ठेक्यात उड्या मारत जाई आणि नदी ओलांडून मामाच्या गावी गेलं की तीच कविता संथ, लांबवलेली ऐकू येई. सुट्टीत दोन गावची भावंडं एकत्र आली की भांडण व्हायचं.

“आमच्या बाईनं असं नाही शिकवलं.”

“तुमच्या बाईले येतच नसन.”

श्लोकांचं निराळं होतं. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्यांची चाल ठरलेली, ती बदलायची कोणाची टाप नव्हती. आर्येची, साकीची, दिंडीचीही अशी ठरलेली. जुन्या मास्तरांना वृत्ताचं नाव सांगितलं की चाल सुचे. त्यामुळे व्याकरणात वृत्त शिकायच्या कितीतरी वर्षं आधी ते पोरांच्या कानात जाऊन बसलेलं असे. पुढे हायस्कुलात लघु-गुरू मोजताना वऱ्हाडातली पोरं बोटांऐवजी गुणगुणून मोजत. मला ही पद्धत आजही बिनचूक वाटते.

२०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या लाटेत गावागावांनी लोकवर्गणी केली. टीव्ही आले, प्रोजेक्टर आले, शाळा डिजिटल झाल्या. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आला. तो फोननं टिपला की कविता गाऊन ऐकवली जाते: तालीम घेतलेला गळा, बासरी, तबला, मागे कोरस. काम चांगलं आहे. ज्या बाईंचा गळा चालत नाही त्यांना त्याचा खरा आधार झाला, हे मी पाहिलं आहे. पण ध्वनिमुद्रण कोणासाठी थांबत नाही. तिसऱ्या ओळीशी अडखळणाऱ्या पोरासाठी गुरुजी थांबत, ती ओळ चारदा घेत, त्याच्यासाठी पट्टी उतरवत. आणि पोरगं चूक गायलं तर ती चूक कधी कधी सगळ्या वर्गाला आवडे, आणि पुढच्या वर्षीपासून तीच त्या गावाची चाल होई. आता पोरीला झोपवताना आई तिच्या शाळेतली कविता म्हणते, आणि पोरगी मध्येच उठून बसते: “आई, अशी नाही, टीव्हीवर वेगळी आहे.”

२०१७ पासून शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन होतात. बदल्या पूर्वीही होतच. बदलीबरोबर चालही जायची आणि दुसऱ्या तालुक्यात रुजायची. एकाच गुरुजींची एकच चाल तीन तालुक्यांत सापडली, तर त्यांची अर्धी सेवा कुठे झाली ते कळे. असे नकाशे कोणी काढले नाहीत.

पाढे. दुपारच्या सुट्टीनंतर, पोटात अन्न आणि डोळ्यांवर झोप असताना, पाढ्यांचा तास असे. एक पोरगं समोर उभं राही, ते म्हणे, बाकीचे मागून. बेरजेची चढण आणि दहाव्या आकड्यावरची उतरण यांना ठरलेले सूर होते, आणि प्रत्येक पाढ्याची लय थोडी वेगळी. सतराचा आणि एकोणिसाचा जड, विसाचा पळता. त्यांच्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो येणारा माणूस आता साठीच्या पुढेच भेटतो. कापसाच्या बाजारात मण-शेराचा हिशेब करणाऱ्या जुन्या अडत्याला कागद लागत नसे, त्याचं कारण हे गाणं. मेट्रिक मापं आली आणि औटकीचं काम संपलं, हे बरोबरच आहे. पण सगळा वर्ग एका श्वासात, गुरुजींनी काही न सांगता, अर्धा तास लय धरून ठेवतो, हे संगीताचंच शिक्षण होतं. गुरुजी तेवढ्यात हजेरी भरत, आणि लय ढळली की मान वर करत.

खंजेरी. इथे वऱ्हाडानं महाराष्ट्राला दिलेली गोष्ट आहे, म्हणून जरा थांबतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. नाव माणिक. शाळा प्राथमिकच्या पहिल्या काही इयत्तांतच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या म्हटलं, आणि त्या पोरानं हातात खंजेरी घेतली ती शेवटपर्यंत. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९४२ च्या चळवळीत त्यांना तुरुंगवास झाला, त्यांची भजनं सरकारला बोचत होती. १९५५ मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले तेव्हाही खंजेरी सोबत. एका हातात मावणारं, झांजा लावलेलं ते लहानसं कडं. त्यावर हजारोंची सभा तोलून धरणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

या वाद्याचं शाळेशी चांगलं जमलं, कारण ते स्वस्त, हलकं आणि पोराच्या हाताच्या मापाचं. डाव्या हातात छातीशी धरायची, उजव्या हाताची बोटं पानावर. “तळव्यानं नाही, बोटानं” हे पहिलं वाक्य. मनगट सैल सोडलं की झांजा आपोआप बोलतात. तबल्याला दोन वर्षं लागतील तिथे खंजेरी पंधरा दिवसांत साथीला बसते. त्यामुळे वऱ्हाडातल्या कितीतरी शाळांत प्रार्थनेला एक पेटी आणि चार खंजेऱ्या असत, आणि गावागावांत बाल भजन मंडळं. खंजेरी भजनस्पर्धा रात्रभर चालत. पोरांचा गट बहुधा आधी, कारण त्यांना झोप येई. पहाटेपर्यंत जागून बक्षीस घेणारे पोट्टे दुसऱ्या दिवशी शाळेत डुलक्या घेत, आणि गुरुजी त्यांना काही बोलत नसत, कारण रात्री पेटीवर तेच असत.

खंजेरी विदर्भातून गेलेली नाही. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची उन्हाळी सुसंस्कार शिबिरं चालतात, तिथे पोरं ती शिकतात. महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन पाळतो. त्यांचं निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्याच वेळी झालं. त्या गर्दीत हातात खंजेरी असलेली लहान पोरंही दिसतात. शाळेतून मात्र ती कमी झाली. पान चामड्याचं जाऊन फायबरचं आलं. ते पावसात उतरत नाही, शेकावं लागत नाही. आवाज जरा टणक झाला आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितो.

गाडगेबाबांचं सोंग याच्याच शेजारी लिहायला हवं. २३ फेब्रुवारी १८७६ ला शेंडगावी जन्मलेला हा माणूस शाळेत गेला नाही आणि वऱ्हाडातल्या शाळेत सगळ्यांत जास्त वेळा रंगमंचावर आला. चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. वर्गातला सगळ्यांत धीट पोरगा गाडगेबाबा होई आणि समोर बसलेल्या गावाला प्रश्न विचारी. गाव उत्तर देई. बाबांच्या कीर्तनाची घडणच तशी, विचारायचं आणि समोरच्याकडून वदवून घ्यायचं. भाषा अस्सल वऱ्हाडी. वर्षभर प्रमाण मराठीत चाचपडणाऱ्या पोराला त्या दहा मिनिटांत आपल्या घरची बोली शाळेच्या मंचावर मोठ्यानं बोलता येई. हे सोंग अजून होतं. फक्त मधलं भजन आता स्पीकरवरून येतं, आणि पोरगा ओठ हलवतो.

भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर. पुण्याकडे हादगा-भोंडला, वऱ्हाडात आणि खानदेशात भुलाबाई. मातीची भुलाबाई आणि भुलोबा, पाटावर किंवा कोनाड्यात, आणि मुलींच्या हातात टिपऱ्या. शाळेत बाई असल्या की एक दुपार भुलाबाईची निघे. मुलांना मैदानावर हाकलून वर्गाचं दार लावलं जाई आणि आतून टिपऱ्यांचा आवाज येई. खिडकीच्या गजांना लटकून ऐकणाऱ्यांत मीही होतो.

सासर-माहेर, सासूचा जाच, न मिळालेलं लुगडं, रुसून बसलेला भुलोबा. आठ-नऊ वर्षांच्या पोरी ते गात. त्यांच्या आयांनीही त्याच वयात तेच गायलेलं. शाळेत शिकवायची गाणी नव्हेत, असं म्हणणारे होते. मला वाटतं, बाई दार लावून घेत त्याचं एक कारण ते असावं. पण या गाण्यांत एक कौशल्य होतं, ते दुसऱ्या कशात मी पाहिलं नाही: गाणं लांबवणं. साखळीसारखी गाणी, एका ओळीतली शेवटची वस्तू पुढच्या ओळीच्या तोंडाशी येते, आणि गाणारी थांबेपर्यंत ते चालू राहतं. धीट पोरगी नवीन वस्तू घाली. बाईंचा नवा चष्मा, सरपंचाची फटफटी, शाळेची गळकी कौलं, सगळं त्यात जाई. टिपरी चुकता कामा नये एवढीच अट. शेवटी खिरापत. डबा वाजवून, वास घेऊन खाऊ ओळखायचा आणि ओळखला नाही तर पुन्हा एक गाणं.

आता शहरांत भुलाबाईच्या स्पर्धा होतात. गट, गणवेश, परीक्षक, वेळेची मर्यादा. त्यामुळे गाणी टिकतील, हे खरं. पाच मिनिटांच्या मर्यादेत मात्र साखळी लांबवता येत नाही.

लेझीम. लाकडी दांडी, लोखंडी साखळी, चकत्या. शाळेत ती मोजून येई आणि मोडून जाई, कारण पोरं तिनं मारामारी करत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी उभं केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. मंडळातून शिकून गेलेल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी आसपासच्या शाळांना शिट्टीवर हलणारी लेझीम दिली. चार आकडे पुढे, चार मागे, वाकून, बसून, वळून. साठ लेझमी एकत्र मिटल्या की मैदानावर एकच ‘छन्’ येई, आणि एखादी उशिरा मिटली तर तिचा मालक कोण ते गुरुजींना न बघता कळे. पट वीसच्या आत आला की ही मजा संपते. २०२३ साली राज्यात विसापेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून अधिक होत्या. वऱ्हाडातली लहान गावं त्यांत आहेतच. अकरा मुलांची लेझीम बसवता येते, मी बसवलेली पाहिली आहे. ती बसवणाऱ्या बाईंनी पाचवीच्या मुलीच्या हाती शिट्टी दिली होती आणि स्वतः रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

डफडं. हे जडसंग्रहात कधीच नव्हतं. लेझमीला ठेका द्यायला, प्रभातफेरीला, गणपतीला डफडं लागे, आणि ते वाजवणारा पोरगा वर्गातच मागच्या बाजूला बसलेला असे. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ते वाजत आलेलं. पळसाच्या पानांचा जाळ करून कातडं किती तापवायचं, टणत्कार कुठे येतो, काडी कुठली आणि टिपरू कुठलं, हे त्याला गुरुजींपेक्षा जास्त कळे. पंधरा ऑगस्टला त्याला बोलावणं असे. सोळा ऑगस्टला पुन्हा मागच्या बाकावर. वर्गात पेटी आली, तबला आला, खंजेरी आली. डफडं सतरंजीवर आलं नाही. संगीतात आपण कोणाच्या घरचं वाद्य सरस्वतीपुढे ठेवलं आणि कोणाच्या घरचं अंगणात ठेवलं, याचा हिशेब शाळांनी कधीतरी करायला हवा होता. नव्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी ते वाद्य हातात धरायचंच नाकारलं, आणि त्यांचं कारण मला पटतं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत आणि भीमगीतांच्या कार्यक्रमांत त्याच वस्त्यांतली पोरं आज ढोलकीवर, कीबोर्डवर बसतात आणि ताकदीनं गातात. चौदा एप्रिलच्या आधीचा महिना ती रोज तालीम करतात. एवढी तालीम कुठल्या शाळेत होत नाही.

मेळघाटात जाऊन आलेल्या शिक्षकांकडून ऐकलेली नोंदही इथेच: कोरकू पोरं परिपाठात पुटपुटतात आणि ढोलकीवर गदली-सुसून हा नाच सुरू झाला की त्यांचे पाय आणि गळे दोन्ही सुटतात. काही शिक्षकांनी वर्गाची सुरुवातच कोरकू गाण्यानं करून पाहिली. पहिलीतली पोरं त्या दिवसांत शाळा कमी बुडवायची, असं ते सांगतात.

बाळापूर, अकोट, अचलपूरच्या उर्दू शाळांत इक्बालांची १९०२ सालची दुआ सकाळी म्हणतात. बाजूच्या मराठी शाळेत साने गुरुजींची प्रार्थना. दोन्ही शाळांची वेळ एकच असेल तर मधल्या गल्लीत उभं राहिलेल्या माणसाला दोन्ही ऐकू येत. दोन्ही शाळांत आता स्पीकर आहे, आणि मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो.

घंटा. रुळाचा तुकडा कडुनिंबाला टांगलेला आणि लोखंडी दांडा. पहिली घंटा, दुसरी घंटा, तासाची, मधल्या सुट्टीची, शाळा सुटायची. प्रत्येकीचे टोले वेगळे. शाळा सुटायची घंटा वाजवणारा पोरगा शेवटी हात सोडून देई आणि टोले एकमेकांत मिसळत. कित्येक ठिकाणी तिची जागा विजेच्या घंटीनं घेतली.

गॅदरिंग. स्नेहसंमेलन हा शब्द पत्रिकेवर. जानेवारीत, तूर कापून झाल्यावर, थंडीत. शाळेच्या ओट्याला सतरंज्यांचा पडदा. ‘नाच बसवणं’ महिनाभर चाले आणि त्यातला अर्धा वेळ गाणं बसवण्यात जाई, कारण नाचणाऱ्या पोरी वेगळ्या आणि गाणाऱ्या वेगळ्या. गाणाऱ्या चार-पाच जणी पडद्याआड, एका मायकाभोवती डोकी जुळवून. बाजूला पेटीवर गुरुजी, ढोलकीवर गावातला भजनी मंडळाचा माणूस. त्याला शाळेत बोलावलं की तो नवा सदरा घाली. पुढे नाचणारीचं पाऊल चुकलं की गाणाऱ्या कडवं पुन्हा घेत. गाणाऱ्यांचा सूर गेला की ढोलकीवाला जोरात वाजवून झाकून नेई. विठ्ठल वाघांचं तिफणीचं गाणं अकोल्याकडच्या पोरांना पाठच असे. त्यावर पेरणीचा नाच ठरलेला, आणि त्यातले बैल होणाऱ्या दोघांना घरून घुंगरमाळा आणाव्या लागत. मध्येच कार्यक्रम थांबवून माईकवरून नावं पुकारली जात: अमक्या भाऊंकडून पहिल्या पोरीला अकरा रुपये, अमक्या काकूंकडून ढोलकीला पाच. ज्या पोरीनं पडद्याआड गायलं तिचं नाव कोणी पुकारलं तर तिची आई गर्दीत उभी राही.

मग कॅसेट आली, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. गाणाऱ्या चार-पाच जणींची गरज राहिली नाही. त्यांतल्या काही नाचायला गेल्या. ज्यांना नाचता येत नव्हतं आणि गाता येत होतं, त्यांना गॅदरिंगमध्ये काम उरलं नाही. मला या सगळ्या यादीत हे सर्वांत जास्त लागतं. सावळी, बुजरी, मागे उभी राहणारी एखादी पोरगी फक्त गळ्याच्या जोरावर गावासमोर यायची, ती वाट बंद झाली. साऊंडवाला दोन मोठे बॉक्स लावतो, पोरांचे पाय सिनेमाच्या गाण्यावर अचूक पडतात, मोबाइल वर होतात. पोरं मन लावून करतात, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. त्या रात्री शाळेत पोरांच्या गळ्यातून आलेला आवाज मात्र सूत्रसंचालनाचाच.

संगीत संपलेलं नाही. अमरावती-अकोल्याच्या खाजगी शाळांत संगीताचे शिक्षक आहेत. शहरात क्लास आहेत. पोरं गांधर्व मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिकेला बसतात. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा त्यांना गाणं मूठभर घराण्यांतून काढून कोणालाही शिकता येईल असं करायचं होतं. क्लासची फी भरू शकणाऱ्यांपर्यंत ते आलं. बिनफीचं गाणं शाळेच्या व्हरांड्यात होतं.

१९ फेब्रुवारी २०२३ पासून राजा बढ्यांचं गीत राज्यगीत झालं आणि परिपाठात आलं. बढे नागपूरचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. बहुतेक शाळांत ते ध्वनिमुद्रित लावतात. शाहीर साबळ्यांच्या गळ्यापुढे पोरं हळू म्हणतात. २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ आला आहे. त्या दिवशी दप्तर नसतं, वेळ असतो, आणि कुठल्याही नव्या खर्चाशिवाय गाणं होऊ शकतं.

म्हणून एक मागणं आहे, निवृत्त झालेल्या आणि होत आलेल्या वऱ्हाडातल्या सगळ्या गुरुजींकडे आणि बाईंकडे. तुम्ही कवितांना लावलेल्या चाली तुमच्यापाशीच आहेत. नातवाला फोन धरायला सांगा. आधी गावाचं नाव सांगा, मग इयत्ता, मग ती चाल कोणाकडून घेतली ते. आठवत असेल तर औटकीही म्हणा. खोकला आला, कडवं विसरलं, तर पुन्हा सुरुवातीपासून घेऊ नका, तिथूनच पुढे म्हणा. आणि ते ध्वनिमुद्रण तुमच्या जुन्या शाळेच्या आत्ताच्या बाईंना पाठवा, शनिवारच्या आत.